ट्यूलिपचं बिघडतं ते जुलैत

न्यू जर्सीच्या एका ताईंनी विचारलंय. तीन वर्षांपूर्वी त्यांनी 'टुलिपा ग्रेगी' या नावाने वीस कंद विकत घेतले आणि घरापुढच्या हिरवळीच्या कडेला लावले. पहिल्या वसंतात ओंजळीएवढी लालभडक फुलं आली, शेजारीपाजारी फोटो काढून गेले. दुसऱ्या वर्षी सात-आठच फुलं, तीही बारकी. यंदा एकही नाही. जिथे कंद होता तिथे जांभळ्या रेघांचं एकेकटं रुंद पान, बस्स. त्यांचा पहिला प्रश्न, खत कमी पडलं का? दुसरा असा की, इंटरनेटवर कोणीतरी 'कझाकस्तानच्या डोंगरातून खणलेले अस्सल रानटी कंद' विकतंय, ते जास्त काटक असतील ना, मागवू का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: मागवू नका. का, ते पुढे सांगतो. पहिल्याला मात्र थोडा वेळ द्यावा लागेल.

मी मूळचा निफाड तालुक्यातला. घरची कांद्याची शेती, त्यामुळे जमिनीखाली काहीतरी पोसतं आणि ते पाण्यावाचून नाही तर पाण्याने बिघडतं, हे शाळेत जायच्या आधीपासून कानावर होतं. गेली बावीस वर्षं कोलोरॅडोत डोंगरी झाडांची छोटी रोपवाटिका चालवतो. निम्म्या वाफ्यांत मध्य आशियातले कंद आहेत. म्हणजे सल्ला देता येईल इतके कंद माझ्या हातून मेलेले आहेत.

ताई, तुमचा प्रश्न खताचा नाही. खरं म्हणजे फुलाचाही नाही. प्रश्न असा आहे की, तुम्ही आणलेला कंद फुलला, पण त्याच्या जागी जो कंद तयार झाला तो का पोसला नाही?

'त्याच्या जागी' हे मुद्दाम म्हणतोय. ट्यूलिपचा कंद एका वर्षाचाच असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आपल्याकडची कळलावी आठवा. पावसाळ्यात वेल कुंपणावर चढत असते तेव्हा खाली तिचा नांगराच्या आकाराचा जुना कंद झिजत जातो आणि नवा तयार होतो. पुढच्या वर्षी जी कळलावी उगवते ती त्या नव्या कंदातून. ट्यूलिपचं तसंच आहे. वर फूल डोलत असतं तेव्हा खाली आईकंदाच्या पाकळ्या रिकाम्या होत असतात आणि त्यांच्या बेचक्यांत एक मोठी आणि एक-दोन बारक्या लेकी वाढत असतात. उन्हाळा लागेपर्यंत आईच्या नावाने फक्त तपकिरी साल उरते. त्यामुळे तुम्ही लावलेल्या वीस कंदांपैकी आज एकही शिल्लक नाही. यंदा जी पानं दिसली ती त्यांच्या नातींची.

आणखी एक गोष्ट, रागावू नका. पहिल्या वर्षीचं ते झकास फूल तुमचं नव्हतंच. तुम्ही कंद घेतलात तेव्हा त्याच्या पोटात सहा पाकळ्या, सहा पुंकेसर, मधला बीजकोश, सगळं तयार होतं. ते घडवलं होतं कंद पिकवणाऱ्या शेतकऱ्याने, आदल्या उन्हाळ्यात, कोरड्या गोदामात. तुमचं काम सुरू झालं ते फूल गळल्यावर. नेमकं तेव्हाच सगळ्यांचं लक्ष पिओनी आणि गुलाबांकडे जातं.

एकेकट्या पानाची भीती नको. तो रोग नाही. ट्यूलिपमध्ये फुलणारा कंद तीन-चार पानं काढतो आणि न फुलणारा एकच. फूल धरायचं की नाही हे कंदाच्या वजनावर ठरतं. माझा अंदाज असा की, ग्रेगीचा कंद घेरात आठ सेंटिमीटरच्या खाली गेला की फूल बेभरवशाचं होतं, सहाच्या खाली तर विसराच. तुमच्याकडे नाती आहेत, पण हाडकुळ्या आहेत. त्यांना बाळसं का आलं नाही, हे समजायला त्यांच्या गावी जावं लागेल.

हा ट्यूलिप पश्चिम तिआन शान आणि काराताऊ या डोंगररांगांतला, म्हणजे दक्षिण कझाकस्तान आणि त्याला लागून असलेल्या उझबेकिस्तान व किर्गिझस्तानचा मुलूख. सेंट पीटर्सबर्गच्या एदुआर्द रेगेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये त्याचं वर्णन छापलं आणि रशियन उद्यानविद्या संस्थेच्या ग्रेग नावाच्या अध्यक्षांचं नाव त्याला दिलं. हे ग्रेग पुढे झारचे अर्थमंत्रीही झाले, पण आज त्यांचं नाव निघतं ते या फुलामुळे. कझाकस्तानच्या 'रेड बुक'मध्ये, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या सरकारी यादीत, तो आहे.

शिमकेंत शहराच्या पूर्वेला अक्सू-झाबाग्ली नावाचं अभयारण्य आहे. १९२६ सालचं, मध्य आशियातलं सर्वांत जुनं. २०१६ मध्ये युनेस्कोने पश्चिम तिआन शानला जागतिक वारशात घेतलं त्यात तेही आलं. मी तिथे पहिल्यांदा गेलो तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. वर शिखरांवर बर्फ, खाली पायथ्याच्या टेकड्यांवर हिरवं कोवळं गवत आणि त्यात लाल, मध्येच केशरी, क्वचित पिवळे ग्रेगी. वितळलेल्या बर्फाचं पाणी उतारावरून झिरपत होतं, बुटांना चिखल चिकटत होता. दुपारी ऊन चढलं की फुलं वाटीसारखी उघडायची, ढग आला की अर्ध्या तासात मिटायची. मला वाटलं, अरे, याला तर पाणी आवडतं. माझ्याकडे मी उगीच कोरडं ठेवतोय.

परत आल्यावर मी त्या वाफ्याला उन्हाळाभर पाणी दिलं. चाळीस कंद होते. पुढच्या वसंतात नऊ पानं आली, बाकीचे कुजले. कंदाऐवजी ओंजळभर आंबूस वासाचा लगदा हाती आला.

म्हणून दुसऱ्यांदा मुद्दाम जुलैत गेलो. तोच गाव, त्याच टेकड्या. गवत पिवळं पडून मोडत होतं, जमीन पायाखाली कडकड वाजत होती, दगडावर हात ठेववत नव्हता. ट्यूलिपचं नावनिशाण नाही. एखाद्या ठिकाणी वाळका दांडा आणि त्यावर तीन फाकांत उकललेलं बोंड, आत चवडीसारखी रचलेली चपटी बी, तीही बरीचशी वाऱ्याने नेलेली. रस्त्यासाठी कापलेल्या एका दरडीत एक कंद उघडा पडलेला दिसला. जमिनीच्या वरच्या थरापासून जवळजवळ दीड वीत खाली, खडी आणि मातीच्या घट्ट मिश्रणात, जाड चामडी सालीत गुंडाळलेला. त्या दिवशी मला जे कळलं ते एप्रिलच्या फोटोंतून कळलं नसतं. हे झाड वर्षातले आठ-नऊ महिने जमिनीवर दिसतच नाही, आणि त्याचं नशीब त्या न दिसण्याच्या काळात ठरतं.

आता हे सगळं जोडून बघा. पानं वाळली की कंद झोपतो असं आपण म्हणतो, पण आत कारखाना सुरू असतो. पुढच्या वर्षीची पानं आणि त्यांच्या टोकाशी फुलाची कळी याच काळात घडते. त्याला साधारण १७ ते २३ अंश सेल्सिअसची ऊब लागते आणि कोरडेपणा लागतो. वर दगड तापलेला असला तरी दीड वीत खाली जमीन तेवढी पोळत नाही, म्हणून खोली महत्त्वाची. त्यानंतर थंडी हवी. तीन-चार महिने नऊ-दहा अंशांखाली गेल्याशिवाय दांडा नीट लांबत नाही. मग बर्फ वितळतं, पाणी मिळतं, आणि तीन-चार महिन्यांत उगवणं, फुलणं, पोसणं सगळं उरकून झाड पुन्हा गुडूप. ओला वसंत, भाजका उन्हाळा, कडक हिवाळा, असं हे वेळापत्रक आहे.

तुमच्याकडे थंडी आहे, ओला वसंत आहे. उन्हाळा मात्र उलटा आहे. न्यू जर्सीत जुलै-ऑगस्टमध्ये दर महिन्याला शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस पडतो, शिमकेंतला त्या दोन महिन्यांत जवळपास पडतच नाही. त्यात तुमची जागा हिरवळीच्या कडेला, म्हणजे आठवड्यातून तीन वेळा स्प्रिंकलर. कांदा काढायच्या आधी दोन-तीन आठवडे आमच्याकडे पाणी तोडतात. तोडलं नाही तर कांदा दिसायला छान टपोरा, पण साठवणीच्या चाळीत गेला की महिन्याभरात सडायला लागतो. तुम्ही ट्यूलिपचं पाणी कधी तोडलंच नाहीत.

इथे एक कबुली. तुमची बाग मी पाहिलेली नाही आणि काही गोष्टी खरोखर जागेवर अवलंबून आहेत. न्यू जर्सीच्या दक्षिणेला रेताड जमीन आहे, तिथे पाणी आलं तसं जातं. मध्य आणि उत्तर भागात चिकट लाल मातीचे पट्टे आहेत, तिथे वाफा बशीसारखा पाणी धरतो. तुम्ही कुठे आहात ते लिहिलेलं नाही. कंद किती खोल लावले तेही नाही. पाकिटावर बहुधा सहा इंच लिहिलेलं असतं आणि बहुतेक जण चार इंचांवर थांबतात, कारण खाली दगड लागतो. उथळ कंदाला वरची ऊब लागते आणि तो एका मोठ्या लेकीऐवजी पाच-सहा बारक्या काढतो. तसं झालं असेल तर तुम्हाला एका ठिकाणी एक नाही तर दोन-तीन अरुंद पानं झुबक्याने दिसली असती. 'एकेकटं रुंद पान' म्हणताय, त्यावरून मला फुटण्यापेक्षा उपासमारीचा संशय जास्त आहे. कुजके किती, हे मात्र खणल्याशिवाय कळणार नाही.

आणि एक विचारायचं राहिलं. पहिल्या वर्षी फुलं संपल्यावर पानं कापलीत का? हिरवळीच्या कडेला म्हणजे गवत कापायचं यंत्र तिथून फिरणारच. फूल गळल्यापासून पान पिवळं पडेपर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे मिळतात आणि लेक पोसायला तेवढंच भांडवल असतं. त्यातला निम्मा काळ पान कापून घालवला, तर वरून कितीही खत घाला, उपयोग शून्य. पानांच्या वेण्या घालून रबर लावणारेही पाहिलेत. नीटनेटकं दिसतं खरं, पण पान उन्हाकडे बघायला हवं, एकमेकांकडे नाही.

तर खताबद्दल थोडक्यात. नत्र जास्त देऊ नका. शेणखताचा ढीग तर मुळीच नको. पान माजतं, कंद भुसभुशीत होतो आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. पालाशयुक्त खत एकदा शरद ऋतूत आणि एकदा कोंब वर येताना, पुरे. मूळची जमीन बरीचशी चुनखडीची आहे, तुमची बहुधा आम्ल असेल. काउंटीच्या एक्स्टेंशन ऑफिसात, म्हणजे शेतीसल्ल्याच्या कार्यालयात, माती तपासून मिळते, त्याप्रमाणे चुना घाला. यापलीकडे खताला या गोष्टीत फारशी भूमिका नाही.

मग करायचं काय? दोन रस्ते आहेत, आणि कुठला धरायचा ते तुमच्या स्वभावावर आहे.

पहिला कष्टाचा पण खात्रीचा: दरवर्षी खणून काढायचे. पानं दोन-तृतीयांश पिवळी पडली की फावड्याने नाही, काट्याने लांबून उकरा. माती झटका, धुऊ नका. सावलीत दोन-तीन दिवस वाळवा आणि कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून हवेशीर, कोरड्या जागी टांगा. आमची चाळ कशी असते? बुडाशी हवा, बाजूने हवा, वर पाऊस नाही. तेच इथे. गराज चालेल, दमट तळघर चालणार नाही. फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका, सफरचंद पिकताना जो इथिलीन वायू सोडतं तो आतली कळी मारतो. महिन्यातून एकदा पिशवी हुंगा. आंबूस वास आला किंवा साल पांढुरकी बुरसलेली दिसली तर तो कंद काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात, माती चांगली गार झाली की, पुन्हा लावा, पण त्याच जागी लगेच नको. तीनेक वर्षं जागा बदलत राहा, बुरशी मातीत दबा धरून असते. हात लालसर होऊन खाजले तर घाबरू नका, कंदातल्या एका रसायनाची ती ॲलर्जी आहे, हातमोजे घाला. आणि पिशवी स्वयंपाकघरातल्या कांद्याजवळ तर अजिबात टांगू नका. घरात सासूबाई आल्या असतील तर दुप्पट काळजी घ्या, हे अनुभवाने सांगतो. फोडणीत पडता पडता वाचले होते.

दुसरा रस्ता एकदाच कष्ट करायचा. जागाच अशी निवडायची की उन्हाळ्यात पाणी पोहोचणार नाही. सगळ्यात सोपी जागा म्हणजे घराच्या दक्षिण भिंतीलगतची वळचण. छपराचा पुढे आलेला भाग दीड-दोन फूट पट्टा कोरडा ठेवतो, भिंत ऊब देते. तिथे बाकी काही जगत नाही म्हणून लोक ती जागा खडीने भरून टाकतात, आपल्याला तीच हवी आहे. वळचण नसेल तर गादीवाफा करा, जमिनीपासून फूट-सव्वा फूट उंच. निम्मी माती, निम्मी बारीक खडी आणि जाड वाळू. आपल्याकडचा मुरूम डोळ्यांसमोर आणा, हात घातला तर खरखरला पाहिजे. वरून इंचभर खडीचा थर. कंद आठ इंच खोल. उतार असेल तर उताराच्या मधोमध लावा, पायथ्याशी नको, तिथे पाणी साचतं. स्प्रिंकलरचं तोंड तिथून फिरवा. खारी आणि उंदीर यांच्यासाठी कंदांवर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी अंथरून वर माती टाका. हरणांवर मला उपाय सापडलेला नाही.

माझा कल दुसऱ्या रस्त्याकडे आहे, पण मी ज्या राज्यात राहतो तिथे पाऊस तुमच्या एक-तृतीयांशच्या आसपास. तुमच्या जागी असतो तर निम्मे वळचणीखाली लावले असते आणि निम्मे दरवर्षी खणले असते. दोन-तीन वर्षांत कुठले जास्त पोसतात ते कंदच सांगतात.

आता तुम्ही जे घेतलं ते ग्रेगी होतं का? बहुधा पूर्णपणे नाही. जांभळ्या रेघांचं पान ही ग्रेगीची खूण खरी, पण ती त्याच्या संकरित मुलाबाळांतही उतरते. डच वर्गवारीत ट्यूलिपचे क्रमांकवार गट आहेत. चौदावा 'ग्रेगी गट', म्हणजे ग्रेगीचं रक्त असलेल्या बागेतल्या जाती. शुद्ध रानटी जाती पंधराव्यात. दुकानात मिळणारे 'रेड रायडिंग हूड', 'टोरंटो' हे चौदाव्यातले. तुमच्या पाकिटावर अवतरणचिन्हांत असं एखादं नाव होतं का आठवा. ते असेल तर वाईट वाटून घेऊ नका, उलट आनंद माना. पिढ्यान्पिढ्या हॉलंडच्या ओल्या हवेत जे टिकले त्यांतूनच निवडलेले असल्यामुळे ते तुमच्या उन्हाळ्याला रानटी भावंडांपेक्षा जास्त सोसतात.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. रानटी म्हणजे काटक, हा समज आपला सगळ्यांचाच असतो. रानटी झाड काटक असतं ते त्याच्या घरी. त्या जुलैतल्या टेकडीवर तुमचा हिरवळीचा लाड कोणी केला असता तर सगळी टेकडी कुजली असती. डोंगरातून आलेला कंद तुमच्याकडे हॉलंडच्या कंदापेक्षा आधी मरेल, नंतर नाही.

शिवाय तो कंद कुठून येतो ते बघा. रानात ग्रेगी प्रामुख्याने बीपासून वाढतो. बी पडल्यापासून पहिलं फूल यायला पाच ते सात वर्षं, कोरडी वर्षं आली तर आणखी. दरम्यान मेंढ्या-घोडे कोवळं बोंड खातात, एप्रिलमध्ये सहलीला आलेले लोक फुलं खुडून गुच्छ करतात, म्हणजे त्या वर्षीचं बी गेलं. अशा ठिकाणाहून फुलणारा कंद उचलला म्हणजे बी देणारं झाड उचललं. ते भरून यायला अर्धं तप जातं. 'रेड बुक'मधल्या झाडाचे कंद तिथे खणणं बेकायदा आहे, आणि अमेरिकेत कंद आणायला वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. ते त्या विक्रेत्याकडे आहे का, एवढं विचारून बघा, संवाद तिथेच संपेल. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हॉलंडचे व्यापारी याच डोंगरांत माणसं पाठवून पेट्या भरभरून कंद नेत असत. आपल्या बागांतल्या अनेक जाती त्यातूनच आल्या, हे मी नाकारत नाही. पण तेव्हा दुसरा मार्ग नव्हता. आता रोपवाटिकेत बीपासून वाढवलेले कंद मिळतात. 'रोपवाटिकेत विकलेले' आणि 'रोपवाटिकेत वाढवलेले' यांत फरक आहे, तेवढा शब्द तपासून घ्या.

शुद्ध ग्रेगी हवाच असेल तर बी लावा. हौशी मंडळींच्या संस्था दर हिवाळ्यात आपसांत बी वाटतात, तिथे मिळतं. शरदात खोल कुंडीत, किमान आठ इंच, खडीमिश्रित मातीवर बी पसरा, वर बारीक खडीचा थर द्या आणि कुंडी बाहेर थंडीत ठेवून विसरा. थंडी खाल्ल्याशिवाय ते उगवत नाही. वसंतात कांद्याच्या रोपासारखी एकेक बारीक काडी येईल, दोन-तीन महिन्यांत वाळून जाईल. खाली ज्वारीच्या दाण्याएवढा कंद झालेला असतो. पहिली दोन वर्षं कुंडी रिकामी करायचा मोह टाळा.

इथे एक गंमत आहे. हे पोर कंद जागेवर बसत नाहीत. दरवर्षी पोकळ नळीसारखा एक फुटवा सरळ खाली सोडतात आणि नवा कंद त्या नळीच्या टोकाशी तयार होतो, आईपेक्षा इंच-दोन इंच खोल. असं करत करत ते स्वतःला सुरक्षित खोलीवर नेऊन ठेवतात. दरडीत दीड वीत खाली दिसलेला तो कंद तसाच उतरत उतरत गेलेला असणार, तिथे त्याला कोणी पुरायला गेलं नव्हतं. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं, तरी तिसऱ्या वर्षी एक कुंडी उपडी केली, एकही कंद नाही म्हणून वैतागून फेकून दिली. पुढच्या एप्रिलमध्ये कुंडी जिथे ठेवलेली होती तिथल्या वाळूत अकरा पानं उगवली. पठ्ठे बुडाच्या भोकातून खाली निघून गेले होते. तेव्हापासून कुंडीच्या भोकावर बारीक जाळी ठेवतो. तुमच्या न फुलणाऱ्या कंदांनीही असाच तळ गाठला असण्याची शक्यता आहे, म्हणून खणताना चार इंचांवर काही दिसलं नाही तर गेले असं समजू नका.

पुण्या-नाशकातले वाचक विचारतील म्हणून: आपल्याकडे कंद फ्रिजमध्ये तीन-चार महिने थंड करून एकदा फूल काढता येतं, पण लेक पोसायच्या आत उन्हाळा चढतो. ते कुंडीतलं फूल नाही, गुच्छ घेतला असं समजा. भारतात या घराण्याचं खरं नातं आहे ते काश्मीरशी. श्रीनगरची २००७ मध्ये सुरू झालेली ट्यूलिपची बाग सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला जास्त आवडते ती जुनी पद्धत. पामीर-आलाई डोंगरांतला टुलिपा लनाटा तिथे जुन्या मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या मातीच्या छपरांवर लावत. छप्पर म्हणजे उताराचं, उन्हाळ्यात कोरडं, माणसाच्या पायांपासून आणि गुरांपासून लांब. ज्याने कोणी ती जागा पहिल्यांदा निवडली त्याला ट्यूलिप कळला होता.

तर ताई, सध्या पान हिरवं असेपर्यंत पाणी द्या, कापणीचं यंत्र लांब ठेवा आणि जूनच्या सुरुवातीला त्या कोपऱ्याचा स्प्रिंकलर बंद करा. पान पिवळं पडलं की खणा, फूटभर खोल जायची तयारी ठेवून. प्रत्येक कंदाला दोरा गुंडाळून घेर मोजा. आठच्या वरचे एका पिशवीत, खालचे दुसऱ्या. मग वीस ठिकाणी मिळून किती सापडले, किती खोल सापडले आणि हाताला माती कशी लागली, चिकट की रेताड, तेवढं लिहा. पुढचं त्यावर ठरवू.